महाविद्यालयीन जीवनाच्या कथेतील विनोदी सहपात्र : विदूषकापासून ओझूपर्यंत

सारांश

महाविद्यालयीन जीवनावरील कथा, चित्रपट, मालिका आणि अलीकडच्या काळात तरुणांमध्ये लोकप्रिय झालेले जपानी ॲनिमे या सर्वांत नायकाच्या शेजारी एक विनोदी मित्र हमखास आढळतो. तो वाचकाला वा प्रेक्षकाला हसवतो, कथेला गती देतो आणि बहुधा कथा संपण्यापूर्वीच विस्मृतीत जातो. प्रस्तुत लेखात या पात्राची पूर्वपरंपरा संस्कृत नाटकातील विदूषक आणि मराठी लोकरंगभूमीवरील सोंगाड्या यांच्यात शोधली आहे. त्यानंतर ‘द टाटामी गॅलेक्सी’ या जपानी मालिकेतील ओझू आणि ‘३ इडियट्स’ या चित्रपटातील चतुर रामलिंगम या दोन पात्रांचे तुलनात्मक विवेचन केले आहे. या पात्रामुळे निर्माण होणाऱ्या हास्याची किंमत कोण मोजतो, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. मीरा-भाईंदरसारख्या बहुभाषिक शहरातील महाविद्यालयांच्या दृष्टीने तो विशेष महत्त्वाचा ठरतो.

बीजशब्द : विनोदी सहपात्र, विदूषक, सोंगाड्या, कट्टा, ॲनिमे, बोली, रॅगिंग

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन जीवन हा कथनसाहित्याचा एक आवडता विषय आहे. शाळेची शिस्त संपलेली आणि संसाराची जबाबदारी अद्याप न आलेली अशी ही तीन-चार वर्षे असतात. मैत्री, प्रेम, परीक्षा, वसतिगृह, खानावळ, स्नेहसंमेलन आणि पुढे काय करायचे याची धास्ती ही या कथांची ठरलेली सामग्री होय. या सामग्रीत नायक आणि नायिका यांच्याइतकेच निश्चित असे आणखी एक पात्र असते. ते म्हणजे नायकाचा विनोदी मित्र. तो उशिरा उठतो, दुसऱ्याच्या डब्यातले खातो, उसने पैसे परत करीत नाही, नको तेथे नको ते बोलतो आणि नायकाला अडचणीत आणतो. नायकाच्या प्रेमप्रकरणात निरोप्याचे कामही तोच करतो.

जपानी ॲनिमेमुळे या पात्राकडे नव्याने पाहण्याची संधी मिळाली आहे. २००५ नंतर ‘डोरेमॉन’ हिंदीत ध्वनिमुद्रित होऊन भारतीय घराघरांत पोहोचले. ते पाहत वाढलेली पिढी आता महाविद्यालयात आली असून तिच्यातील अनेक जण महाविद्यालयीन जीवनावरील जपानी मालिका उपशीर्षकांसह पाहतात. मराठी, हिंदी आणि जपानी अशा तीन परंपरांतील विनोदी मित्र या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेत. त्यामुळे त्यांची तुलना करणे केवळ शक्यच नाही, तर उद्बोधकही आहे.

२. विवेचनाची उद्दिष्टे

प्रस्तुत विवेचनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) विनोदी सहपात्राचे कथेतील कार्य स्पष्ट करणे.
(आ) या पात्राचे भारतीय आणि मराठी परंपरेतील पूर्वज कोणते, हे पाहणे.
(इ) महाविद्यालयीन जीवनावरील निवडक कलाकृतींत हे पात्र कसे हाताळले आहे, याची तुलना करणे.
(ई) अशा पात्राकडे पाहण्याची सवय आणि वर्गातील प्रत्यक्ष वर्तन यांचा संबंध तपासणे.

३. पूर्वपरंपरा : विदूषक आणि सोंगाड्या

संस्कृत नाटकातील विदूषक हा या पात्राचा सर्वांत जुना आणि सर्वांत विकसित पूर्वज होय. गो. के. भट यांनी या एका पात्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे, यावरून त्याचे महत्त्व ध्यानात येते. विदूषक राजाचा मित्र असतो, खादाड असतो, भित्रा असतो आणि बोलण्यात तोल सांभाळत नाही. तथापि त्याचे एक वैशिष्ट्य विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. तो जातीने ब्राह्मण असूनही राजाप्रमाणे संस्कृत बोलत नाही, प्राकृत बोलतो. म्हणजे हसवणाऱ्या पात्राची भाषा नायकाच्या भाषेहून वेगळी आणि प्रतिष्ठेने कमी असावी, हा संकेत दीड-दोन हजार वर्षांइतका जुना आहे.

विदूषकाचे काम हसवण्यापुरते मर्यादित नसते. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात राजा आणि मालविका यांची भेट घडवून आणणारा गौतम हाच खरा सूत्रधार आहे. त्यासाठी तो साप चावल्याचे सोंगही आणतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील मैत्रेय हा दारिद्र्यातही चारुदत्ताची साथ सोडत नाही. मात्र त्याच मैत्रेयाने न्यायालयात शकाराशी झोंबाझोंबी केल्यामुळे वसंतसेनेचे दागिने त्याच्या जवळून खाली पडतात आणि चारुदत्तावरील आरोपाला पुष्टी मिळते. मित्राच्या बाजूने धावून जाणारा मित्रच त्याच्या गळ्यातील फास आवळतो. विनोदी सहपात्राची निष्ठा आणि त्याचा वेंधळेपणा या दोन्ही गोष्टी येथे एकाच कृतीत आल्या आहेत.

‘शाकुंतल’ नाटकातील विदूषक माधव्य याचे उदाहरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वाधिक बोलके आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी राजा त्याला राजधानीस पाठवून देतो आणि जाताना शकुंतलेविषयी आपण जे बोललो ती केवळ थट्टा होती, असे सांगतो. थट्टा करणाऱ्याशीच केलेली ही थट्टा पुढे महाग पडते. शकुंतलेला राजा ओळखत नाही तेव्हा माधव्य तेथे नसतो. सहाव्या अंकात राजाला पश्चात्ताप होतो, त्या वेळी तू मला आठवण का दिली नाहीस, असा प्रश्न निघतो. आपल्याला ती थट्टा असल्याचे सांगितले होते आणि आपण ते खरे मानले, एवढेच उत्तर माधव्यापाशी असते. त्याच अंकात इंद्राचा सारथी मातली अदृश्य रूपाने येतो आणि दुःखात बुडालेल्या राजाचे क्षात्रतेज जागे व्हावे म्हणून या विदूषकालाच पकडून छळतो. राजा जागा होतो, युद्धाला जातो आणि कथा पुढे सरकते. ज्याला मार बसला त्याची विचारपूस करण्यास नाटकाला फारशी सवड नसते.

मराठी लोकपरंपरेत हे स्थान पेंद्या आणि सोंगाड्या यांनी घेतले. गौळणींतील पेंद्या हा कृष्णाचा बोबडा, लंगडा सवंगडी. त्याचे बोलणे आणि चालणे हाच विनोदाचा विषय होतो. परंतु देवाला सर्वांत जवळचा आणि देवाशी सर्वांत मोकळेपणाने बोलणाराही तोच असतो. तमाशातील सोंगाड्याला याहून अधिक स्वातंत्र्य मिळाले. बतावणीत आणि वगात तो राजाला, पाटलाला, सावकाराला उलट प्रश्न विचारू शकतो. पेंद्यावर लोक हसतात, तर सोंगाड्या लोकांना हसवतो. हा भेद पुढील विवेचनात वारंवार उपयोगी पडेल.

१९७१ मध्ये दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ चित्रपटाने या पात्राला नायकपद दिले. १९९२ मध्ये जब्बार पटेल दिग्दर्शित ‘एक होता विदूषक’ हा चित्रपट आला. त्याची पटकथा पु. ल. देशपांडे यांची होती आणि मुख्य भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांनी केली होती. तमाशातून चित्रपटात आणि तेथून राजकारणाच्या वर्तुळात ओढला गेलेला हसवणारा माणूस आतून कसा रिता होत जातो, हे त्यात दाखवले आहे. बेर्डे यांना प्रेक्षक ‘लक्ष्या’ या नावाने ओळखत आणि अनेक चित्रपटांत पात्राचे नावही तेच असे. हसवणाऱ्या माणसाचे व्यक्तित्व आणि त्याचे सोंग एकमेकांत मिसळून गेल्यावर त्याला गंभीर होण्याची मुभा राहते काय, हा प्रश्न या चित्रपटाने मराठीत ठळकपणे मांडला.

४. कट्टा : मराठी महाविद्यालयीन कथेची भूमी

मराठी महाविद्यालयीन कथेचे केंद्र वर्गखोली नसून कट्टा असतो. सुहास शिरवळकर यांच्या ‘दुनियादारी’ या कादंबरीने हा कट्टा अनेक पिढ्यांच्या मनात पक्का केला. तिच्यावर आधारित, संजय जाधव दिग्दर्शित चित्रपट २०१३ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा सत्तरच्या दशकातील पुण्याचा तो कट्टा मोबाइल वापरणाऱ्या तरुणांनाही आपला वाटला. कट्ट्याचे पहिले कार्य नाव ठेवण्याचे असते. दिगंबर शंकर पाटील या नावाचा ‘दिग्या’ होतो आणि आद्याक्षरांवरून ‘डीएसपी’ होतो. कट्ट्यावर टोपणनाव मिळणे म्हणजे टोळीत प्रवेश मिळणे होय.

मात्र सर्व टोपणनावे सारखी नसतात. काही नावे माणसाच्या पराक्रमावरून पडतात, तर काही त्याच्या रंगावरून, अंगलटीवरून, गावावरून किंवा उच्चारावरून. पहिल्या प्रकारचे नाव नायकाला मिळते, दुसऱ्या प्रकारचे विनोदी मित्राला. दोघांनाही हसून ते स्वीकारावे लागते. परंतु पहिल्याचे हसू अभिमानाचे असते आणि दुसऱ्याचे हसू पुष्कळदा निरुपायाचे असते. बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

२०१५ मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या ‘दिल दोस्ती दुनियादारी’ या मालिकेत कट्ट्याची जागा मुंबईतील एका सामायिक घराने घेतली. सहा तरुण-तरुणींपैकी पुष्कराज चिरपुटकर यांनी साकारलेला आशू हा विनोदाचा मुख्य आधार होता. दैनंदिन मालिकेचे स्वरूपच असे असते की, प्रत्येक पात्राला आळीपाळीने स्वतःचा दिवस मिळतो. चित्रपटाच्या अडीच तासांत विनोदी मित्राला जी संधी मिळत नाही, ती मालिकेत मिळू शकते. कथेचा आकार आणि सहपात्राला मिळणारा न्याय यांचा असा जवळचा संबंध आहे. जपानी मालिकांचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे लागते.

५. ओझू : नायकाच्या दृष्टीने घडवलेला राक्षस

मोरिमी तोमिहिको यांच्या कादंबरीवर आधारित आणि यूआसा मासाआकी दिग्दर्शित ‘द टाटामी गॅलेक्सी’ ही अकरा भागांची मालिका २०१० मध्ये जपानमध्ये प्रसारित झाली. त्याच वर्षीच्या जपान मीडिया आर्ट्स महोत्सवात तिला ॲनिमेशन विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. कथा क्योतो शहरात घडते. नायकाला नाव नाही. साडेचार चटयांच्या, म्हणजे सुमारे ऐंशी चौरस फुटांच्या एका खोलीत तो राहतो. महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर त्याने निरनिराळ्या विद्यार्थी मंडळांपैकी एकाची निवड केली. ती निवड चुकली आणि आपली दोन वर्षे वाया गेली, अशी त्याची तक्रार आहे. जवळजवळ प्रत्येक भागात काळ मागे जातो, तो वेगळे मंडळ निवडतो आणि तरीही शेवटी तशाच निराशेला पोहोचतो.

या प्रत्येक निवडीत त्याला एक माणूस अटळपणे भेटतो, तो म्हणजे ओझू. ओझू कारस्थानी आहे, चुगलखोर आहे, दुसऱ्याच्या दुर्दैवावर तीन वाट्या भात जेवणाऱ्या वृत्तीचा आहे, अशी नायकाची ठाम समजूत आहे. चित्रकारांनी त्याचा चेहरा फिकट, टोकदार दातांचा, जपानी लोककथांतील भुतासारखा रेखाटला आहे. प्रेक्षक त्याच्या प्रत्येक प्रवेशाला हसतो. आपली वर्षे याच्यामुळे वाया गेली, असे नायक मानतो आणि प्रेक्षकही ते मान्य करतो, कारण कथा सांगणारा तोंडातोंडी बोलणारा एकच माणूस आहे आणि तो नायक आहे.

दहाव्या भागात नायक एकाही मंडळात न जाता खोलीतच राहण्याचे ठरवतो. तेव्हा त्याच्या खोलीबाहेर तशीच दुसरी खोली आणि तिच्याबाहेर तिसरी अशी खोल्यांची अंतहीन रांग सुरू होते. प्रत्येक खोलीत त्याला न जगलेल्या आपल्याच एकेका आयुष्याच्या खुणा सापडतात. त्या एकत्र वाचल्यावर त्याच्या ध्यानात येते की, प्रत्येक आयुष्यात आपल्याजवळ कोणीतरी येत होते आणि ते ओझूच होते. अकराव्या भागात तो बाहेर पडतो. तोवर ओझू आपल्याच उपद्व्यापांमुळे पुलावरून खाली पडून पाय मोडून घेतो आणि नायक त्याच्याकडे धाव घेतो. रुग्णालयातील प्रसंगात ओझूचा चेहरा सर्वसाधारण तरुणासारखा रेखाटला आहे, तर भुतासारखे मिश्किल भाव आता नायकाच्या चेहऱ्यावर आले आहेत.

या एका बदलाने मालिका आधीच्या सर्व हास्याचा फेरविचार करावयास लावते. ओझूचा विद्रूप चेहरा हे त्याचे रूप नव्हते. आपल्या अपयशाचा दोष ठेवण्यासाठी नायकाला जो माणूस हवा होता, त्याचे ते चित्र होते. आयुष्याची निवड चुकली असे मानणाऱ्या तरुणाला एक विनोदी खलपुरुष आवश्यक वाटतो. तो खलपुरुष प्रत्यक्षात त्याचा एकमेव मित्र असतो, ही जाणीव मालिकेच्या शेवटी होते. माधव्याच्या वाट्याला जी विचारपूस आली नाही, ती ओझूच्या वाट्याला आली.

उमिनो चिका यांच्या चित्रकथेवरील ‘हनी अँड क्लोव्हर’ ही २००५ मधील मालिका तोक्योतील एका कला महाविद्यालयाविषयी आहे. तीत मोरिता शिनोबू हा विनोदी सहपात्राचा दुसरा नमुना आढळतो. तो वर्षानुवर्षे पदवी न घेता महाविद्यालयात राहतो, अचानक नाहीसा होतो आणि थकून-भागून परत येऊन झोपी जातो. हा क्रम प्रेक्षक गंमत म्हणून पाहतो. वडिलांच्या हातून गेलेली कंपनी परत मिळवण्यासाठी दोघे भाऊ पैसा उभा करीत आहेत, हे पुढे २००६ च्या दुसऱ्या सत्रात उलगडते. ज्याला विक्षिप्तपणा समजून प्रेक्षक हसला, ते एक दीर्घ ओझे होते. या दोन्ही मालिकांत विनोदी सहपात्राचा स्वतःचा हेतू असतो आणि कथा योग्य वेळी तो उघड करते.

६. चतुर : भाषेवरील हास्य

भारतीय महाविद्यालयीन चित्रपटांत राजकुमार हिरानी दिग्दर्शित ‘३ इडियट्स’ या २००९ च्या चित्रपटाचे स्थान मोठे आहे. त्यातील चतुर रामलिंगम हे पात्र साकारणारे ओमी वैद्य हे अमेरिकेत जन्मलेले, मराठी कुटुंबातील नट आहेत. चतुर घोकंपट्टी करणारा, स्पर्धा जिंकण्यासाठी कोणताही मार्ग अवलंबणारा विद्यार्थी आहे. युगांडात जन्म आणि पाँडेचरीत शिक्षण झाल्यामुळे त्याची हिंदी कच्ची आहे. शिक्षकदिनाच्या समारंभात तो दुसऱ्याने लिहून दिलेले हिंदी भाषण अर्थ न समजता पाठ करून म्हणतो. नायकाने त्यातील शब्द आधीच बदलून ठेवलेले असतात. सभागृह हसून लोळते आणि चतुरची नाचक्की होते.

या प्रसंगात दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. पहिली घोकंपट्टीवरील टीका. ती चित्रपटाच्या मूळ विषयाशी सुसंगत आहे. दुसरी गोष्ट परभाषकाच्या अज्ञानावरील हास्य. तिचा घोकंपट्टीशी अपरिहार्य संबंध नाही, कारण हिंदी उत्तम येणारा विद्यार्थीही घोकंपट्टी करू शकतो. पहिल्या टीकेच्या आडोशाने दुसरे हास्य प्रेक्षकाच्या मनात बिनतक्रार प्रवेश करते. शिवाय बदललेला शब्द स्त्रीवरील अत्याचाराचा असल्याने त्या विनोदावर पुढील काळात रास्त आक्षेपही घेतले गेले.

रचनेच्या दृष्टीने पाहता चतुरचा अपमान हाच या चित्रपटाचा कणा आहे. अपमानाच्या रात्री तो नायकाला आव्हान देतो की, दहा वर्षांनी याच तारखेला भेटून कोण अधिक यशस्वी झाला ते पाहू. दहा वर्षांनंतर त्याच्याच बोलावण्यावरून मित्र एकत्र येतात आणि हरवलेल्या नायकाचा शोध सुरू होतो. म्हणजे दहा वर्षे जी जखम एका माणसाने जपली, तिच्यामुळे कथा सांगितली जाते. तरीही चित्रपटाच्या शेवटी चतुर पुन्हा हास्याचाच विषय होतो. ओझूला शेवटी सर्वसाधारण चेहरा मिळाला, चतुरला तो मिळत नाही.

या पात्राचा पुढील धागा मराठीत येतो. २०२४ मध्ये ओमी वैद्य यांनी ‘आईच्या गावात मराठीत बोल’ हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि त्यात मुख्य भूमिकाही केली. अमेरिकेत वाढलेल्या, मराठी नीट न येणाऱ्या तरुणाची ती कथा आहे. उच्चारावरील विनोद येथेही आहे. परंतु तो आता त्या तरुणाच्या बाजूने सांगितलेला आहे. अडखळत बोलणारा माणूस कथेच्या मध्यभागी आला की, त्याच अडखळण्याचा अर्थ बदलतो. मराठी रंगभूमीला हे पूर्वीपासून ठाऊक होते. गंगाराम गवाणकर लिखित आणि मच्छिंद्र कांबळी यांनी गाजवलेल्या ‘वस्त्रहरण’ या १९८० च्या नाटकात मालवणी ही गडी-नोकराची विनोदी बोली न राहता संपूर्ण नाटकाची भाषा झाली. तिच्यावर हसणारे आणि तिच्यातून हसवणारे एकाच सभागृहात आले. पेंद्या आणि सोंगाड्या यांतील भेद येथे पुन्हा दिसतो.

७. मीरा-भाईंदरच्या संदर्भात

मीरा-भाईंदर शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेनुसार सुमारे ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. २००२ मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली. मिठागरे, शेती आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांभोवती हे शहर वाढले. राई, मुर्धे, मोर्वे या गावांतील आगरी, उत्तन, पाली, चौक येथील ख्रिस्ती कोळी समाज, कोकण आणि देशावरून आलेली मराठी कुटुंबे, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, दक्षिण भारतीय अशा अनेक समाजांतील मुले येथील महाविद्यालयांत एकाच बाकावर बसतात. जुलै २०२५ मध्ये भाषेच्या प्रश्नावरून मीरा रोड येथे परस्परविरोधी मोर्चे निघाले, तेव्हा या सहजीवनाखालील ताण संपूर्ण राज्याला दिसला.

अशा शहरातील वर्गात विनोदी मित्राची भूमिका कोणाकडे जाते, हा केवळ साहित्याचा प्रश्न राहत नाही. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’ आणि ‘ड’चा ‘र’ होतो. ही त्या बोलीची नियमबद्ध ध्वनिव्यवस्था आहे. प्रमाण मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला ती चूक वाटते आणि हसू येते. त्याच वर्गात प्रमाण मराठी बोलणारा विद्यार्थी हिंदी बोलताना लिंग चुकवतो आणि त्याच्यावर दुसरे हसतात. इंग्रजीच्या तासाला या दोघांवर तिसरा हसतो. प्रत्येक भाषेच्या दारात एक पेंद्या उभा असतो. तो कोण, हे त्या दाराची भाषा ठरवते.

कायद्यानेही या गोष्टीची दखल घेतली आहे. महाराष्ट्रात रॅगिंग प्रतिबंधक अधिनियम १९९९ मध्ये आला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे या विषयावरील विनियम २००९ मध्ये, म्हणजे ‘३ इडियट्स’ प्रदर्शित झाला त्याच वर्षी लागू झाले. २०१६ च्या सुधारणेने त्यांत रंग, धर्म, जात, रूप यांच्याबरोबर प्रादेशिक मूळ आणि भाषिक ओळख यांवरून केलेल्या शारीरिक वा मानसिक छळाचाही रॅगिंगच्या व्याख्येत स्पष्ट समावेश केला. मात्र मित्रमंडळींतील हास्य आणि छळ यांतील सीमा केवळ नियमाने आखता येत नाही. ज्याच्यावर हसले जाते तोही हसत असतो. टोळीबाहेर पडण्यापेक्षा टोपणनाव स्वीकारणे त्याला सोपे वाटते. ही सीमा ओळखण्याची दृष्टी कथा देऊ शकते आणि म्हणून अशा पात्रांचा वर्गात अभ्यास होणे उपयुक्त आहे.

या अभ्यासासाठी चार प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवता येतील.

(अ) हे पात्र स्वतः विनोद करते की त्याच्यावर विनोद केला जातो?
(आ) नायकाच्या कामाखेरीज त्याचा स्वतःचा काही हेतू कथेत आहे काय?
(इ) हास्य त्याच्या वर्तनावर आहे की त्याची भाषा, शरीर, गाव यांवर आहे? वर्तन बदलता येते, जन्मगाव बदलता येत नाही.
(ई) त्याला लागते तेव्हा कथा क्षणभर थांबते काय?

या चार प्रश्नांच्या कसोटीवर गौतम आणि सोंगाड्या पहिल्या प्रश्नात सरस ठरतात. मोरिता दुसऱ्या प्रश्नात आणि ओझू चौथ्या प्रश्नात उत्तीर्ण होतो. चतुर तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांत अडखळतो. यावरून एखादी कलाकृती चांगली वा वाईट असा अंतिम निर्णय देता येणार नाही. ‘३ इडियट्स’ने शिक्षणपद्धतीविषयी निर्माण केलेली जागृती यामुळे कमी होत नाही. परंतु आवडत्या कलाकृतीतही आपण नेमके कोणाला हसलो, हे प्रेक्षकाला नेमकेपणाने सांगता येऊ लागते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. महाविद्यालयीन कथेतील विनोदी मित्र हे आयात केलेले पात्र नसून त्याची मुळे संस्कृत विदूषक, पेंद्या आणि सोंगाड्या यांच्यापर्यंत जातात.

२. हे पात्र कथेच्या कडेला असले, तरी कथेची कळ पुष्कळदा त्याच्याच हाती असते. माधव्याची अनुपस्थिती, मैत्रेयाची चूक आणि चतुरचा अपमान यांवर त्या त्या कथा उभ्या आहेत.

३. हसवणाऱ्याची भाषा नायकाच्या भाषेहून कमी प्रतिष्ठेची ठेवण्याचा संकेत प्राकृतापासून आजच्या चित्रपटापर्यंत टिकून आहे. ‘वस्त्रहरण’सारख्या कलाकृतींनी तो उलटवून दाखवला आहे.

४. ओझूच्या उदाहरणावरून दिसते की, विनोदी मित्राचे विद्रूप चित्र हे अनेकदा पाहणाऱ्याच्या असमाधानाचे चित्र असते. पाहणारा बदलला की चेहराही बदलतो.

५. बहुभाषिक शहरातील महाविद्यालयात या पात्राचा अभ्यास हा साहित्याभ्यासाबरोबरच सहजीवनाचाही अभ्यास ठरतो.

पदवीच्या तीन वर्षांनंतर कट्ट्यावरील मंडळी पांगतात. नायक म्हणून ज्यांच्याकडे पाहिले, त्यांची नावे काही काळाने आठवत नाहीत. ज्याने सर्वांना हसवले त्याचे टोपणनाव मात्र प्रत्येकाच्या स्मरणात राहते. त्याचे खरे नाव, गाव आणि त्या वर्षांत त्याच्या घरी काय चालले होते, हे किती जणांना सांगता येईल? ज्या कथा हा प्रश्न विचारायला लावतात, त्याच या पात्राला खऱ्या अर्थाने न्याय देतात.